नीनाने बंद केलेली भट्टी

आखातातल्या सित्र्यात आमच्या ओतकाम कारखान्यासमोर सकाळी रस्त्याचं डांबरीकरण चाललं होतं. बसमधून उतरताच तो गरम वास आला आणि मला नीना आठवली.

तेविशीत मी सोव्हिएत रशियातल्या पोलाद कारखान्यात शिकायला गेलो होतो. तिथल्या भट्टीच्या विटा डांबरात भिजवलेल्या असत, त्यामुळे सगळीकडे हाच वास. नीना आमची फोरमन होती. महिन्याचा शेवटचा दिवस होता आणि मॉस्कोने ठरवलेल्या उत्पादनाला पोलादाचा एक घाणा कमी पडत होता. पण आतल्या विटा झिजून भट्टीचा पत्रा बाहेरून लालसर दिसू लागला होता.

"एवढा एक काढा," डायरेक्टर म्हणाले. दुभाषा मला हळूच सांगत होता. "आकडा आजच कळवायचाय."

"पत्रा फुटला तर खाली माझी सहा माणसं आहेत," नीना म्हणाली. "मॉस्को तिथे उभं नाही."

तिने भट्टी बंद करायला लावली. आठवड्याभरात तिची गोदामात बदली झाली. पेन्शन जवळ आलेली असताना हा हट्ट कशाला, असं मला तेव्हा वाटलं.

गेल्या वर्षी इथे माझ्या शिफ्टला भट्टीचा पत्रा तसाच लाल झाला. मी साहेबांना फोन केला आणि ते "बंद करा" म्हणेपर्यंत थांबलो. कुणाला काही झालं नाही. पण तेवढा वेळ माझी माणसं खालीच काम करत होती.