वाकळीचा शेवटचा घास

सास्तूर गावात महानंदाला जुन्या चिंध्यांची वाकळ शिवायला बोलवायचं म्हणजे तिची बडबडही घरात घ्यायची. त्यात बाई हट्टी. चिंधी कुणाची, हे कळल्याशिवाय सुई टोचायची नाही.

निजामाच्या अमलात प्लेगाच्या साली गाव माळावर झोपड्या घालून राहिलं, तेव्हा धोंडप्पाची बायको लक्ष्मम्मा गेली. गाव घरी परतलं, पण धोंडप्पा भिंतीकडं तोंड करून बसला तो बसलाच. उंदीर खुडबुडला तरी थरथरायचा. भाकरीला हात लावीना. हकिमाचे काढे झाले, अंगारे झाले. आता सासराही हातचा जातो की काय, म्हणून सून जगदेवी हवालदिल झाली. तिनं सासूची जुनी लुगडी काढली आणि महानंदाला बोलावलं.

"आप्पा, हे हिरवं कधीचं?" महानंदानं धोंडप्पाला विचारलं.

त्यानं भिंतीकडचं तोंड वळवलं नाही. महानंदा सुई खाली ठेवून गप्प बसली. महानंदा आणि गप्प! अख्खा दिवस तसाच गेला. दुसऱ्या दिवशी धोंडप्पा वैतागला. "तुळजापूरच्या जत्रेतलं हाय. शिव की आता!"

"घेताना भांडला असाल."

"लई," तो म्हणाला, आणि सांगत बसला.

मग रोज एक चिंधी, एक गोष्ट. महानंदा हसायची, "अगं बाई!" म्हणायची, पण शहाणपण शिकवायची नाही. "आता विसरा" म्हणणाऱ्यांचा तिला भारी राग. चाळीस वर्षांचा संसार विसरायचा कसा, सांगा बरं!

शेवटी जांभळ्या इरकलीचा पदर उरला. धोंडप्पानं तो हातात घेतला.

"सोमवार होता. हेच नेसली होती. ओस घरात देवापुढं दिवा नको का, म्हणून म्याच धाडलं तिला गावात. ती नगं म्हणत होती. चौथ्या दिवशी गेली."

तो हमसून हमसून रडला. महानंदाचेही डोळे भरून आले. तुमचा काय दोष, असं तिच्या अगदी ओठांवर आलं होतं. ते गिळून ती म्हणाली, "अजून सांगा, आप्पा."

दुपारपर्यंत तो सांगत होता.

वाकळीचं तोंड शिवण्याआधी आत भाकरीचा घास घालायची रीत. वाकळ उपाशी ठेवायची नसते. जगदेवीनं भाकरी आणली. महानंदानं ती धोंडप्पाच्या हातात दिली. "घास तुम्हीच घाला."

त्यानं तुकडा मोडून आत सारला, जांभळ्या पदरावरून हात फिरवला. उरलेली भाकरी त्यानं हातातच ठेवली.

"जगदेवी," तो म्हणाला, "चटणी हाय का गं?"