पाताळकाकांनी लांबवलेलं ध्यान

बोअर मारणारा माणूस पृथ्वीच्या स्वास्थ्यासाठी सामूहिक ध्यान भरवतोय म्हटल्यावर लोक हसणार, हे पाताळकाकांना ठाऊक होतं. सगळ्यात आधी त्यांची बायकोच हसली. स्वयंपाकघरातला नळ दोन महिने गळतोय, तो आधी बरा करा, पृथ्वी थांबेल तोवर, असं तिने ऐकवलं. पाताळकाकांनी नळाकडे पाहिलं, मान हलवली आणि वाजणारा फोन घ्यायला ते बाहेर गेले. त्यांना हसूही आलं नाही आणि रागही आला नाही. अलीकडे त्यांचं असंच चाललं होतं.

पाताळ हे नाव त्यांना मशीनवरच्या लोकांनी दिलं. एकतीस वर्षं त्यांनी जमिनीला भोकं पाडली. सुरुवातीला दगड फोडायचं मशीन हातात धरून विहिरींच्या तळाशी, मग ट्रकवरच्या मोठ्या रिगवर. पाणी लागेपर्यंत हटायचं नाही, ही त्यांची ख्याती. फिरत्या लोखंडी दांड्यावर तळहात ठेवला की खाली काळा खडक आहे की मऊ मुरूम, हे ते मालकाच्या तोंडावर सांगत, आणि पाच मिनिटांनी वर येणारा भुगा त्यांचा शब्द खरा करी.

मग तोच हात गेला. आधी थंडीत बोटं पांढरी पडायची, पुढे मुंग्या यायच्या, आणि शेवटी मुंग्याही यायच्या बंद झाल्या. एवढी वर्षं मशीनचा थरथराट हातांनी खाल्ला, आता नसा दाद देणार नाहीत, असं डॉक्टरांनी सांगितलं. शर्टाची बटणं बायको लावू लागली. चहाचा कप भाजतोय हे तो ओठांना लागल्यावरच कळायचं. पण पाताळकाकांच्या मनात एक वेगळीच शंका होती, आणि ती त्यांनी कुणाला सांगितली नव्हती. हे बधिरपण बोटांतून वर चढत आत शिरलं आहे, असं त्यांना वाटे. थोरला भाऊ गेला तेव्हा त्यांनी सगळं निस्तरलं, भावजयीला सांभाळलं, पाहुण्यांना स्टेशनवर पोचवलं. डोळ्यांतून टिपूस नाही. लेकीने नात झाल्याचं कळवलं तेव्हा "छान" एवढंच म्हणाले. बायको आधी चिडायची. मग तिने चिडणंही सोडून दिलं.

ध्यानाचं लचांड मुळात सिस्टरचं. सिस्टर म्हणजे तीन घरं सोडून राहणाऱ्या, निवृत्त झालेल्या नर्स. एकट्या, काटक, आणि गप्प बसणं जन्मात न जमलेल्या. सार्वजनिक बागेत रविवारी सकाळी सगळ्यांनी वीस मिनिटं शांत बसायचं आणि पृथ्वी बरी व्हावी असं मनात धरायचं, ही त्यांची कल्पना. परवानगी काढली, दारोदार चिठ्ठ्या वाटल्या, ऐंशी माणसांनी येतो म्हणून कळवलं. आणि अकरा दिवस उरले असताना बाथरूममध्ये पाय घसरून मांडीचं हाड मोडलं. ऑपरेशन होऊन घरी आल्यावर त्यांनी पाताळकाकांना बोलावणं धाडलं.

काका पलंगाशेजारच्या खुर्चीवर बसले. सिस्टरने वही पुढे केली. मला ध्यानबिन येत नाही, असं काकांनी सांगून पाहिलं. मला तरी कुठे येतं, सिस्टर म्हणाल्या. मला माणसं जागेवर बसवता येतात आणि वेळ पाळता येते, तेवढं तुम्हालाही येतं.

काकांनी वही घेतली आणि मिटलेलीच मांडीवर ठेवली. मग एकदम बोलले.

"सिस्टर, तुमच्या परसातली विहीर माझ्यामुळे आटली. शेजारच्या बिल्डिंगसाठी मी सातशे फूट गेलो होतो. ती आटणार हे तिसऱ्याच दिवशी माझ्या लक्षात आलं होतं."

"मला माहीत आहे," सिस्टर म्हणाल्या. "खिडकीतून रोज बघत होते तुमचं मशीन. पंधरा दिवसांनी माझी बादली तळाला आपटली."

"मग नऊ वर्षांत एकदाही बोलला नाहीत?"

"बोलून पाणी वर आलं असतं का?" त्यांनी उशी सरकवली. "आणि त्याचा या कामाशी संबंध जोडत बसू नका. मला दुसरं कुणी रिकामं सापडलं नाही, एवढंच."

नऊ वर्षं पोटात ठेवलेलं बाहेर पडलं, तेव्हा काहीतरी हललं पाहिजे होतं. काकांनी क्षणभर वाट पाहिली. काही हललं नाही. त्यांनी वही बगलेत मारली आणि ते घरी आले.

काम मात्र त्यांनी चोख केलं. रिग लावायची जागा ठरवावी तसे ते तीन सकाळी बागेत जाऊन आले. ऊन कुठून येतं, गाड्या कुठे लागतील, कारंज्याजवळची जमीन ओलसर असते म्हणून चटया मोठ्या झाडांखाली कशा टाकायच्या, हे सगळं वहीत उतरलं. हिरवळीवर कुणी पाय ठेवला तर मी जबाबदार नाही, असा माळ्याने दम भरला. काकांनी दोरी बांधून हद्द आखली. सुरुवातीच्या चार ओळी वाचायला वाचनालयातल्या बाई तयार झाल्या. फोन दिवसभर चालूच. खुर्ची मिळेल का? कुत्रं आणलं तर चालेल का? एका गृहस्थाने विचारलं की पृथ्वीला बरं वाटलं हे कळणार कसं. काकांनी प्रामाणिकपणे सांगितलं की कळणार नाही. ते गृहस्थ म्हणाले, मग येतो.

रविवारी सात वाजता ऐंशीपैकी त्रेचाळीस माणसं आली. सिस्टरची पितळी घंटा काकांपुढे होती. वीस मिनिटांनी ती वाजवायची, एवढंच त्यांचं काम. वीस मिनिटांचा गजर मोठ्याने वाजला तर लोक दचकतील, म्हणून वाचनालयातल्या बाईंनी काकांचा फोन आवाज बंद करून नुसत्या थरथरीवर ठेवला आणि त्यांच्या तळहातात दिला. आपल्या हाताची गोष्ट काकांनाही त्या घाईत आठवली नाही.

बाई संथ आवाजात वाचू लागल्या. तुम्ही बसलात त्या जमिनीकडे लक्ष न्या. हळूहळू तिच्या आत जा. खोल जा.

खोल कुठे जायचं, हे तिथे एकट्या पाताळकाकांना पक्कं ठाऊक होतं. दहा-बारा फूट माती. मग पिवळा मुरूम. चाळीसच्या पुढे काळा खडक, त्यात दांड्याच्या टोकाचं बिट तापतं आणि दिवस जातो. दीडशेला तांबडा पट्टा, बोटभर. पुन्हा काळा. तीनशेच्या आसपास एखादी भेग, नशिबात असली तर ओली. ते एकेक फूट उतरत गेले. आवाज नव्हता, भुगा उडत नव्हता, पाणी लागलं का म्हणून डोक्यावर उभा राहणारा मालक नव्हता. पाचशेच्या खाली त्यांनी मोजणं सोडलं. नंतर त्यांच्या डोक्यात काहीच उरलं नाही.

फोन वेळेवर थरथरला असणार. थरथरून थरथरून गप्प झाला असणार. त्या तळहाताला त्याची वार्ताही नव्हती. विसाची तीस मिनिटं झाली, तिसाची चाळीस. डोळे कुणीच उघडले नाहीत, कारण बाकीचे सगळे लीन झाले आहेत आणि आपलंच चित्त थाऱ्यावर नाही, असं प्रत्येकाला वाटत होतं. अखेर माळी पाइप खांद्यावर टाकून आला.

"काका, उरकलं का?" तो नेहमीच्या आवाजात म्हणाला. "मला पाणी सोडायचंय."

काकांनी डोळे उघडले आणि घंटा वाजवली. पन्नास मिनिटं झाली होती.

त्यानंतर बागेत जे दृश्य दिसलं ते पाहायला सिस्टर हव्या होत्या. एकालाही उठता येईना. कुणी पोटऱ्या चोळतंय, कुणी झाडाला धरून एका पायावर उभं. बँकेतून निवृत्त झालेल्या एका आजोबांना दोघांनी काखेत हात घालून उचललं. पण तक्रार कुणाची नव्हती. कोपऱ्यावरच्या शिवणकामवाल्या बाई डोळे पुसत काकांकडे आल्या. आई गेल्यापासून अशी स्वस्थ बसलेच नव्हते, वीस मिनिटं आम्हाला पुरणार नाहीत हे तुम्ही कसं ओळखलंत, असं त्यांनी विचारलं. मी ओळखलं नाही, काका म्हणाले. फोन थरथरला, तो हाताला कळला नाही. बाईंनी या उत्तरात काहीतरी मोठा अर्थ आहे अशी मान डोलावली आणि त्या गेल्या.

दुपारी काकांनी सिस्टरकडे जाऊन सगळं जसंच्या तसं सांगितलं. सिस्टर इतक्या हसल्या की मांडीत कळ आली आणि त्यांना औषधाची गोळी घ्यावी लागली. काका त्यांचं हसणं थांबायची वाट पाहत बसले. मग त्यांनी बायकोलाही कधी न विचारलेलं विचारलं.

"पन्नास मिनिटं माझ्या डोक्यात काही नव्हतं. ते ध्यान होतं, की हातासारखंच आतही मेलंय?"

सिस्टरने बँडेजची सेफ्टी पिन काढली, कापसाने पुसली आणि काकांचा हात पुढे ओढला. बोटाच्या टोकाला टोचलं. इथे? नाही. तळव्याला? नाही. मनगटाशी काका जरा थांबले, सांगता येत नाही म्हणाले. पिन चार बोटं वर सरकली आणि काकांनी हात झटकन मागे घेतला.

"लागलं?"

"लागलं."

"मग इथपर्यंतच आहे," सिस्टर म्हणाल्या. "मी चाळीस वर्षं हेच केलंय. याच्या वरचं काही बिघडलं असेल तर ते तुमचं तुम्ही बघा, हातावर ढकलू नका."

काकांनी त्या ठिपक्याएवढ्या लाल खुणेकडे पाहिलं आणि बाही खाली ओढली. वाईट वाटलं असं नाही, बरं वाटलं असंही नाही. घरी जाऊन ते जेवले आणि झोपले.

ध्यान मात्र बंद पडलं नाही. दर महिन्याच्या पहिल्या रविवारी ते होऊ लागलं. दुसऱ्या खेपेला सव्वीस आले, मग एकोणीस, आणि आकडा तिथेच थांबला. तिसऱ्या महिन्यात सिस्टर काठी टेकत आल्या आणि घंटा त्यांनी आपल्याकडे घेतली. पृथ्वीला काही फरक पडला की नाही, ते कुणी विचारत नाही. माळीसुद्धा आता दोरीच्या आत, मागच्या रांगेत बसतो.

पाचव्या महिन्यात काकांची बायको आली. बघू तरी तुम्ही काय करता, असं म्हणून त्यांच्या शेजारी टेकली आणि पाच मिनिटांत तिला झोप लागली. तिचं डोकं काकांच्या खांद्यावर आलं. काका हलले नाहीत. वीस मिनिटांनी घंटा झाली, तरी ती उठली नाही. माणसं चटया गुंडाळत जवळ आली, तेव्हा काकांनी त्यांना खूण केली की ही एक चटई राहू द्या, शेवटी घ्या.