मायची पांढरी गोळी

औषधाच्या दुकानदारानं गोळी सांगावी की नाही, यावर चारचौघांत वाद सुरू झाला की मी उठून जातो. लोकांना वाटतं, हा शिष्ट आहे. वाटू द्या.

माझ्या मायला दमा होता. धानाचं चुरणं सुरू झालं की खळ्यावरच्या धुळीनं तिचा जीव घाबरा व्हायचा. भंडाऱ्याला डॉक्टरकडे जायचं तर अख्खा दिवस मोडायचा, म्हणून ती शहापूरला हायवेवरच्या औषधाच्या दुकानात जायची. तिथला दुकानदार नाडी बघायचा, दोन प्रश्न विचारायचा आणि बारक्या पांढऱ्या गोळ्यांची पुडी बांधून द्यायचा. सगळे त्याला डॉक्टरसाहेबच म्हणत.

त्या गोळीवर माय दोन वर्षं धाप न लागता राबली. तिचे गाल भरले, चेहरा गोल झाला. जन्मभर काटकुळी राहिलेली बाई अंगानं भरली, याचं गावाला कोण कौतुक! "आता कशी पाटलीण दिसते," शेजारीण म्हणायची. मीही हसायचो.

सन ऐंशीच्या आसपास मी नागपूरला फार्मसी शिकायला गेलो. दिवाळीत घरी आलो आणि मायचा चेहरा नीट पाहिला. तसाच गोल चेहरा आमच्या पुस्तकात छापलेला होता. ती तब्येत नव्हती, स्टेरॉइडची सूज होती. माझं डोकंच फिरलं. पुडी उचलली आणि घरामागच्या बोडीच्या पाण्यात भिरकावली.

"असं नोको करू बापू," माय म्हणाली. "एकदम सोडाची नाही, असं सांगितलं त्यायनं."

"त्याले काय समजते? तो का डॉक्टर आहे?"

"मंग तू आहेस का?" ती हसली. पण माझं ऐकलं तिनं. पोरगा शिकत होता ना.

चौथ्या दिवशी तिला उलट्या सुरू झाल्या. हातपाय गार पडले, उठून बसवेना. भंडाऱ्याच्या दवाखान्यात नेलं तेव्हा डॉक्टरांनी गोळ्यांचं विचारलं आणि म्हणाले, "एकदम कोणी बंद केली?" बाप माझ्याकडे बघत राहिला. दुपारी माय गेली.

दुकानदार मातीला आला होता. गावानं त्याला नाही नाही ते सुनावलं, एकजण तर अंगावर धावून गेला. तो मान खाली घालून उभा होता. एकदाच त्यानं वर बघून विचारलं, "मी सांगितलो होतो ना, एकदम सोडू नका म्हणून?"

मी त्याच्या समोरच उभा होतो. मी काहीच बोललो नाही.