अडीच मीटरच्या वरचं पाणी

विदुरीने आयुष्यात कुणाला एक गोष्ट दोनदा विचारली नव्हती. करंगसेनोची माणसंच तशी. तीनदा आग्रह केल्याशिवाय कुणाच्या घरी भाताला हात लावणार नाहीत, आणि 'बघू' असं ऐकलं की त्याचा अर्थ 'नाही' घेऊन निमूट घरी जातील. तिचा बाप सुकेमी याला तर या वळणाचा अभिमान होता. शहाण्याला शब्दाचा मार, असं तो उठता-बसता म्हणायचा. जावाच्या उत्तर किनाऱ्यावरचं हे गाव दरवर्षी चार बोटं समुद्रात खचत होतं, तेही असंच निमूट.

पूर्वी भरतीची राखण म्हातारा कासदी करायचा. धक्क्यावर बसून बांबूवरच्या खुणा बघायचा आणि पाणी चढलं की पोकळ लाकडाचा ठोकळा बडवायचा. मग विदुरी सेमारांगला कॉम्प्युटर शिकायला गेली आणि तिनेच खटपट करून गावात यंत्र आणवलं. धक्क्याच्या खांबावर बसून ते दर अर्ध्या तासाला पाणी मोजी. पाणी धोक्याच्या खुणेला पोचलं की मशिदीचा भोंगा वाजे आणि सगळ्यांच्या फोनवर निरोप जाई. त्यातला प्रोग्राम ओपन सोर्स होता, म्हणजे कुणीही उघडून वाचावा, चूक दिसली तर दुरुस्ती पाठवावी असा. तो सांभाळणारा हाल्वार नावाचा माणूस नॉर्वेत राहायचा. "माझी नोकरी खाल्लीस गं पोरी," असं कासदी तिला चिडवायचा. ठोकळा त्याने खुंटीला टांगून ठेवला.

पण जमिनीबरोबर तो खांबही खचत होता, त्यामुळे पाण्याचे आकडे दरवर्षी वाढत. खूण तशीच ठेवली तर भोंगा रोज वाजे आणि लोक लक्ष देईनासे होत. म्हणून विदुरी फोनवरून ती खूण दरवर्षी थोडी वर सरकवी. चौथ्या वर्षी खूण दोन मीटर चाळीसवर आली. त्याच आठवड्यात तिने प्रोग्रामचा कोड वाचायला घेतला आणि एका ओळीशी अडकली. अडीच मीटरच्या वरचा आकडा आला तर ती यंत्राची चूक समजून टाकून द्यावा, असं तिथे लिहिलेलं होतं. लिहिणाऱ्याच्या पायाखालची जमीन कधी हलली नसणार. आता पाणी दोन चाळीस ते दोन पन्नास या दहा सेंटिमीटरांत सापडलं तरच भोंगा वाजणार होता. एका दमात वर गेलं तर यंत्र मूग गिळून बसणार होतं.

ओळ बदलायला तिला दहा मिनिटं लागली, सोबतचं पत्र लिहायला तीन दिवस. निम्मं पत्र माफी मागण्यातच गेलं. गावातलं यंत्र सरकारी होतं, त्यात हाल्वारने मान्य केलेलीच आवृत्ती चढे. त्यामुळे त्याच्या होकारावाचून काही होणार नव्हतं. दोन दिवसांनी त्याचं उत्तर आलं: "तुला खात्री आहे का? मोजलेले आकडे दाखवशील?"

विदुरीचं धाबं दणाणलं. आकडे तिच्याकडे होते, चार वर्षांचे, ओळीने. तरी तिने आधी घरी फोन लावला. आई, रोमला, तेव्हा बापाला चहा देत होती.

"एवढा मोठा माणूस 'खात्री आहे का' म्हणतो, न्दुक," सुकेमी म्हणाला. लेकीला तो लाडाने न्दुकच म्हणायचा. "याहून स्पष्ट तो काय बोलणार? लोकांच्या दारात उभं राहून वाद घालू नये. उठावं आणि घरी यावं."

हाल्वारला खरोखर आकडेच हवे होते. त्याच्या मुलखात प्रश्न म्हणजे निव्वळ प्रश्न असतो, पण हे विदुरीला कुठल्या वर्गात कुणी शिकवलं नव्हतं. तिने लिहिलं, माझीच चूक असावी, आपला वेळ घेतला, क्षमा करावी. दुरुस्ती तिने स्वतःच्या हाताने मागे घेतली. त्यानेही, बरं, कळवल्याबद्दल आभार, असं लिहून विषय मिटवला.

डिसेंबरच्या पौर्णिमेला दुपारी वारा सुटला. बांधावर जाळी लावली नाही तर तळ्यात पाळलेले मासे भरतीबरोबर समुद्रात जातात, म्हणून सुकेमी आपल्या तळ्यावर गेला. फोन प्लास्टिकच्या पिशवीत घालून त्याने गळ्यात अडकवला होता. लेकीच्या यंत्रावर त्याचा भारी विश्वास. तीन वाजता यंत्राने दोन मीटर एकतीस मोजलं. साडेतीनला दोन अठ्ठावन्न मोजलं आणि टाकून दिलं. भोंगा वाजला नाही. कासदी घरात पडला होता, त्याला खाटेखाली पाणी दिसलं. त्याने ठोकळा काढून बडवायला घेतला तोवर बांध फुटला होता. सुकेमी दुसऱ्या दिवशी शेजारच्या तळ्याच्या जाळीत सापडला. पिशवीतला फोन कोरडा होता. त्यावर एकही निरोप आलेला नव्हता.

सात दिवसांच्या प्रार्थना संपल्या. आठव्या दिवशी सकाळी विदुरीने तीच दुरुस्ती पुन्हा पाठवली. या वेळी माफी न मागता, चार वर्षांचे आकडे जोडून. शेवटचा आकडा यंत्राने टाकलेल्यांच्या नोंदीतून काढलेला, दोन अठ्ठावन्नचा होता. बैल गेला आणि झोपा केला, एवढंच तिच्या मनात येत होतं, आणि स्वतःच्या बोटांची तिला किळस वाटत होती. तासाभरात हाल्वारने दुरुस्ती मान्य केली. त्याने लिहिलं, "उत्तम काम. तुझं अगदी बरोबर आहे. मग पहिल्यांदा मागे का घेतलीस?"

रोमला शेजारी बसून नवऱ्याच्या लुंग्यांच्या घड्या घालत होती. वाटून टाकायच्या होत्या. काय लिहिलंय, असं तिने विचारलं. विदुरीने वाचून दाखवलं.

बापलेकीचं फोनवरचं ते बोलणं रोमलानेही ऐकलं होतं. हातातली घडी मोडून तिने पुन्हा घातली.

"तू त्याला विचार," ती म्हणाली, "एकदाच विचारून कसा थांबलास? आमच्यात तर भातालासुद्धा तीनदा विचारतात."

विदुरीने ते लिहिलं नाही. 'क्षमा करावी' असं लिहिलं आणि पाठवून दिलं.