डब्यातला माणूस

सिनेमातला यंत्रमानव आतून कसा असतो ते खांबाला विचारा. आत घामाचा वास असतो आणि दुखणारे गुडघे असतात.

खांब हे त्याचं खरं नाव नव्हे. एकोणीस वर्षं तो कॅमेऱ्यासमोर तसूभर हलला नाही, म्हणून पडलेलं. तो पत्र्याच्या पोशाखात शिरायचा, मागून दोघे जण पेच आवळायचे, आणि मग पडद्यावर तो कधी माणसांच्या नोकऱ्या खायचा, कधी जग जाळायचा. चेहरा कोणी पाहिला नाही. बायको म्हणायची, "जग जाळून आलात ना? आता जरा गॅस पेटवा."

या वेळचा सिनेमा मात्र शहाणा होता. चाळीस यंत्रमानव विश्रांतीचा हक्क मागतात आणि नायक कोर्टात त्यांची बाजू मांडतो. भाषण सहा मिनिटांचं. तोवर यंत्रांनी ताठ उभं राहायचं.

सकाळपासून दोघे घेरी येऊन पडले होते. दिग्दर्शकाच्या हाताखालच्या बाईंनी बजावलं, "आणखी एक पडला तर सगळे कॉम्प्युटरवर करू. मग बसा घरी."

"बसा म्हणाल्या," शेजारच्या पोशाखातून मास्तर पुटपुटले. "ऐकूनच बरं वाटलं." मास्तर शाळेतून निवृत्त झालेले, या कामाला नवखे.

चौथ्या खेपेला नायक म्हणाला, "यांनाही थकवा येतो." त्याच क्षणी डोळ्याच्या भोकातून खांबाला मास्तर कलताना दिसले. हलायचं नाही, यावर तर त्याचं पोट होतं. पण मास्तर पडले तर सगळ्यांचीच चूल विझणार. तो एक पाऊल सरकला आणि त्याने खांदा लावला. मास्तरांचा सगळा भार त्याच्या गुडघ्यांत उतरला. भाषण संपेपर्यंत त्याने तो पेलला.

मास्तरांना बाहेर काढून पाणी पाजल्यावर खांब म्हणाला, "चुकलं साहेब. पडले असते ते."

"चुकलं कसलं? यंत्राने यंत्राला सावरलं. आपला सिनेमा इथेच आहे," दिग्दर्शक म्हणाला आणि कॉम्प्युटरवाल्या मुलीकडे वळला. "ही हालचाल चाळिसांना देता येईल?"

"एकदा नीट टिपली की कितीही जणांना."

"मग बाकीच्यांना उद्यापासून नको बोलवायला."

खांबाच्या अंगभर पांढरे ठिपके चिकटवले गेले. चहूबाजूंनी कॅमेरे लागले.

"मघासारखंच करा, काका," मुलगी म्हणाली.

"मास्तर कुठे उभे राहणार?"

"कोणी नको. तिथे आम्ही नंतर टाकू."

"आणि त्यांचं वजन?"

"ते लागत नाही, काका."

रिकाम्या जागेला खांदा लावायला गेला की त्याचा तोल जायचा. "पुन्हा एकदा," ती म्हणायची. अकराव्या खेपेला जमलं.

"झालं, काका," ती हसून म्हणाली. "आता तुम्हाला परत यायची दगदग नाही." आणि हे तिने अगदी मायेने सांगितलं.