पूजेला मांडलेले क्लॅम्प

गोरेगाव पूर्वेच्या औद्योगिक वसाहतीत, पत्र्याच्या एका गाळ्यात, आम्ही पाच जण विमान बनवत होतो. ऐंशीच्या दशकातली सुरुवातीची वर्षं. हे आजवर ज्याला सांगितलं तो आधी हसला आणि मग विचारू लागला, की गाळ्याच्या दारातून विमान बाहेर कसं काढणार होतात? पंख सुटे करून, एवढं साधं उत्तर आहे. आमच्या एका बाजूला बादल्यांच्या कड्या बनत, दुसऱ्या बाजूला बिस्किटांचे डबे. तिथले कामगार जेवणाच्या सुट्टीत येऊन आमची टर उडवत. मला राग यायचा, कारण माझा त्या विमानावर विश्वास होता.

तो होता आमच्या साहेबांमुळे. ते एका मोठ्या कंपनीत विमानं दुरुस्त करणारे इंजिनिअर होते. नोकरी सोडून, मुलुंडचा स्वतःचा ब्लॉक विकून, बायकोला घेऊन तिथेच भाड्याच्या दोन खोल्यांत राहायला गेलेले. आपल्याकडचे डॉक्टर, बागायतदार एक दिवस स्वतःच्या छोट्या विमानातून फिरतील, असं ते अगदी भाजीचा भाव सांगावा तसं सांगत. पण परदेशातून मागवलेलं इंजिन बंदरात अडकलं ते वर्षभर सुटेना, आणि दिल्लीच्या एकेका सहीला ऋतू उलटायचा. शेवटी पैसा घातलेल्या भागीदारांनी सांगून टाकलं, की सरकारी तपासनिसासमोर पंखाची भारचाचणी पार पडली तर पुढे, नाहीतर गाळ्याला कुलूप.

त्या पंखाचा सगळा भार एका लाकडी तुळईवर होता. लाकडाच्या लांब पट्ट्या एकावर एक चिकटवून ती करायची, आणि हे काम माझं. आमचं घराणं कोकणातल्या सुतारांचं. वडीलही गिरणी बंद पडेपर्यंत तिथल्या सुतारखात्यातच होते. पट्ट्यांना सरस लावून त्या लोखंडी क्लॅम्पमध्ये आवळल्या, की अठ्ठेचाळीस तास हात लावायचा नाही. साहेबांनी हे भिंतीवर खडूने लिहून ठेवलं होतं.

सरस उशिरा आला. तुळई आवळून झाली तेव्हा दसऱ्याची आदली संध्याकाळ होती. साहेब तपासनिसाची तारीख आणायला दिल्लीला गेलेले.

दसऱ्याला हत्यारांची पूजा. वडिलांची शिकवण अशी, की पटाशीपासून पेन्सिलीपर्यंत एकही हत्यार पूजेबाहेर राहता कामा नये. राहिलेलं हत्यार रुसतं आणि वर्षभरात हात कापतं. मी सकाळी करवती, रंधे धुऊन मांडले. मग तुळईवरच्या क्लॅम्पकडे लक्ष गेलं. सगळ्यात मोठं काम त्यांचंच, आणि तेच सरसाने बरबटलेले. आमच्यातला फिटर म्हणाला, "राहू दे ना रे, लांबूनच फूल टाक. साहेबांना कळलं तर वाट लागेल." मी त्याला गप्प केलं. सरस नखाला टणक लागत होता. माझी सगळी अक्कल त्या नखात.

मी एकूण एक क्लॅम्प काढले, घासले, देवीपुढे ओळीने मांडले. पूजेला बसलेलं हत्यार त्या दिवशी उचलायचं नाही, म्हणून तुळई दुसऱ्या सकाळपर्यंत ताडपत्रीखाली तशीच मोकळी राहिली.

दुपारी साहेब स्टेशनवरून थेट गाळ्यावर आले. कपाळाला कुंकू लावून घेतलं, पेढा घेतला. ती चकचकीत रांग पाहून, जुने क्लॅम्प तुळईवरच आहेत असं धरून म्हणाले, "झकास. नवे मागवलेस वाटतं." मी मान हलवली. ती होकाराची होती की कशाची, हे मला आजही सांगता येणार नाही. खोटं सांगतोय. होकाराचीच होती.

महिन्याभराने चाचणी झाली. पंख उलटा ठेवून त्यावर वाळूच्या पिशव्या रचायच्या होत्या. निम्म्या पिशव्याही चढल्या नव्हत्या, तेव्हा आवाज झाला आणि पंख मधोमध बसला. तुळईच्या चिरफाळ्या सगळीकडे उडाल्या. सांधा चांगला असेल तर लाकूड फाटतं, सरस सुटत नाही, हे सुताराला सांगावं लागत नाही. एक फळकुट मात्र काचेसारखं गुळगुळीत सुटून आलं होतं. साहेब तपासनिसाशी बोलत होते तेवढ्यात मी ते उचलून डब्याच्या पिशवीत टाकलं. अहवालात लिहिलं गेलं, की रचनेत दोष. साहेबांनी वाचून सही केली आणि आम्हाला म्हणाले, "तुमची काही चूक नाही. हिशोब माझा चुकला." त्या आठवड्यात गाळ्याला कुलूप लागलं.

नंतर मी मालाडला फर्निचरच्या दुकानात लागलो. साहेब एका शिकवणीच्या क्लासमध्ये गणित शिकवतात, असं फिटरकडून कळलं. दर दसऱ्याला हत्यारं मांडताना मला लाज वाटायची, आणि मी मांडायचोच. सहा दसरे असे काढले. सातव्याला ते फळकुट घेऊन मुलुंडला गेलो.

साहेब थकले होते, पण मला पाहून खुलले. आत वहिनींना चहा टाकायला सांगितलं आणि कपाटातून वह्या काढल्या. इतकी वर्षं ते पंखाचं गणित पुन्हा पुन्हा करत होते. "चूक सापडली रे एकदाची," म्हणाले. "इथे बघ, भार मी कमी धरला होता." मला त्यातलं काही कळत नव्हतं. मी फळकुट वहीवर ठेवलं आणि दसऱ्याचं सगळं सांगून टाकलं. मोकळा व्हायला गेलो होतो, हे कबूल करतो. त्यांचं काय होईल याचा विचार वाटेत एकदाही मनात आला नाही.

त्यांनी त्या गुळगुळीत लाकडावरून अंगठा फिरवला. मग पुन्हा एकदा फिरवला. ते चिडतील, हाकलून देतील, म्हणून मी उठूनच उभा राहिलो होतो.

"म्हणजे विमान उडलं असतं?" त्यांनी विचारलं.

"हो, साहेब."

त्यांनी वह्या एकावर एक नीट रचल्या. मग आत पाहून, क्लासमध्ये शिकवावं तशा मोठ्या आवाजात म्हणाले, "अगं, ऐकलंस का? आपलं विमान उडलं असतं."

आत स्टोव्ह बंद झाल्याचा आवाज आला. चहा घेऊन कोणी बाहेर आलं नाही.