पांढऱ्या सिमेंटचा वास

शेजारी लाद्या बसवताहेत. पांढऱ्या सिमेंटचा ओला वास आला आणि बोळिंजच्या याच घरातली ती सकाळ आठवली.

इस्पितळातून घरी आलेल्या माझ्या यजमानांनी गणपतीआधी मोरीतल्या लाद्यांच्या फटी स्वतःच बुजवल्या होत्या आणि उरलेलं सिमेंट मोरीतच धुतलं होतं. रात्रीत ते मोरीच्या नळीत घट्ट बसलं आणि पाणी तुंबलं. सकाळी यजमान छिन्नी-हातोडी घेऊन उकिडवे बसले.

"अहो, प्लंबरला बोलवू का?"

"सिमेंट त्याने ओतलं का?"

हळूहळू हातोडीचे ठोके मंदावले. पाणी तसंच साचलेलं. छिन्नी खाली ठेवून ते म्हणाले, "बोलव."

उभ्या संसारात त्यांनी घरात कारागीर येऊ दिला नव्हता. आजारपणानंतर हात आता पूर्वीसारखे चालायचे नाहीत, हे त्यांना तिथे बसल्या बसल्या कळलं असावं. एकदाचं माझं ऐकलं म्हणून मी मात्र हसत फोन लावत होते.